वेड लागावं तर फाइल शोधण्याचं

आपल्याकडे वेडाला मान आहे. भर पावसात राजगडाची वाट धरणाऱ्याला, एका रागापायी अख्खी रात्र मैफलीत काढणाऱ्याला, जुन्या नाण्यांसाठी बाजार पालथे घालणाऱ्याला लोक वेडा म्हणतात, पण त्या म्हणण्यात आपुलकी असते. एका वेडाच्या वाट्याला मात्र ही आपुलकी अजून आलेली नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा एखादा प्रोग्रॅम आजच्या लॅपटॉपवर उघडावा म्हणून माणूस फोल्डरमागून फोल्डर उपसत बसतो, फाइलच्या नावातलं एक अक्षर बदलून पाहतो, पुन्हा तोच एरर वाचतो आणि तरी उठत नाही. घरचे म्हणतात, याला उद्योग नाही. मित्र म्हणतात, अरे, नवीन घे ना काहीतरी. मला या वेडाची स्तुती करायची आहे आणि ती मनापासून करायची आहे. संगणकावर साठवलेलं जे काही उद्याच्या माणसाला वाचता येईल, ते या वेड्यांमुळेच येईल, असं माझं ठाम मत आहे.

एम्युलेटर म्हणजे आजच्या यंत्राकडून जुन्या यंत्राचं काम हुबेहूब करून घेणारा प्रोग्रॅम. कल्पना जुनीच आहे. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली, तेव्हा गिऱ्हाइकांकडे आधीच्या १४०१ यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्रॅम पडून होते. ते टाकून द्यावे लागू नयेत म्हणून ३६० मालिकेतल्या काही यंत्रांना १४०१ सारखं वागायची सोय दिली गेली. आज हीच सोय घरच्या संगणकावर फुकट मिळते. जुन्या डॉस प्रोग्रॅमांसाठी २००२ मध्ये डॉसबॉक्स आला. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकासाठी व्हाइस आहे. नाक्यावरच्या नाण्याच्या व्हिडिओ गेमसाठी मेम आहे. त्याची पहिली आवृत्ती निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने फेब्रुवारी १९९७ मध्ये काढली. यातलं बहुतेक काम लोकांनी फावल्या वेळात, पगाराविना केलेलं आहे.

शहाणा माणूस इथे एक प्रश्न विचारतो. एवढी खटपट कशासाठी? पंधरा मिनिटांच्या खेळासाठी दोन संध्याकाळी घालवायच्या? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. पण ते उत्तर त्या दोन संध्याकाळी नेमकं काय चालतं हे पाहिल्याशिवाय देता येत नाही.

नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लासला पैसे भरले, त्यांतल्या बहुतेकांना प्रिन्स ऑफ पर्शिया हा खेळ ठाऊक आहे. सर बाहेर गेले की डॉसच्या काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स मेगाहिट’ असं टाइप करायचं, म्हणजे खेळात लबाडी करायची मुभा मिळे. ते दोन शब्द तोंडोतोंडी पसरले होते. समजा, आज ती जुनी सीडी सापडली आणि प्रिन्स पुन्हा चालवावासा वाटला. फाइलवर डबल क्लिक केलं तर चौसष्ट बिटांचं विंडोज सरळ नकार देतं, कारण सोळा बिटांचा डॉस प्रोग्रॅम त्याला चालवताच येत नाही. मग डॉसबॉक्स उघडायचा. समोर झेड ड्राइव्ह येतो. तो डॉसबॉक्सचा स्वतःचा, त्यात आपलं काही नाही. सवयीने आपण सी ड्राइव्हवर जायला पाहतो आणि उत्तर येतं की सी ड्राइव्ह अस्तित्वातच नाही, आधी तो माउंट करा.

पहिला अडथळा इथे येतो आणि पुष्कळ जण इथूनच परत फिरतात. डिस्क तर डोळ्यांसमोर आहे, मग नाही कशी? जो वेडा आहे तो थांबून विचार करतो. एम्युलेटरच्या आत एक वेगळा संगणक आहे आणि त्या संगणकाला आपली डिस्क दिसत नाही. आपला कुठला फोल्डर त्याचा सी ड्राइव्ह समजायचा, हे आपणच सांगायचं असतं. ‘माउंट’, मग ‘सी’, मग फोल्डरचा पूर्ण पत्ता. एवढं कळलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप उलगडतात.

पण अडचणी संपत नाहीत. आपण मायेने फोल्डरला ‘जुने खेळ’ असं मराठीत नाव दिलेलं असतं. डॉसबॉक्सच्या जुन्या ०.७४ आवृत्तीला देवनागरी नावाचा पत्ता कळत नाही, माउंट फसतो. मग नाव रोमन अक्षरांत लिहिलं, पण मध्ये मोकळी जागा सोडली. आता अवतरणचिन्हं हवीत. तीही घातली. ड्राइव्ह मिळाला, यादी मागवली, तर आतल्या खेळाच्या फोल्डरचं लांबलचक नाव सहा अक्षरांवर कापून पुढे एक नागमोडी रेघ आणि आकडा जोडलेला दिसतो. डॉसमध्ये नाव आठ अक्षरांचं आणि पुढचं शेपूट तीन अक्षरांचं, त्यापलीकडे जागा नाही. त्या फोल्डरात शिरलं, ‘प्रिन्स’ टाइप केलं, तर अशी आज्ञाच नाही असं उत्तर. का? सीडीवरची झिप फाइल उघडताना विंडोजने खेळाच्या फोल्डरात पुन्हा त्याच नावाचा फोल्डर केला आहे आणि मूळ फाइल एक पायरी खाली बसली आहे. आणखी एक पायरी उतरा, पुन्हा टाइप करा. पडदा काळा होतो आणि राजवाडा उघडतो.

या सगळ्यात माणूस शिकला काय, ते पाहा. फाइल आणि तिचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच जागा दोन यंत्रांना दोन नावांनी दिसू शकते. ‘सापडत नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. ‘मी जिथे पाहिलं तिथे नाही’ एवढाच होतो. मोबाइलवर वाढलेल्या पिढीला हे कुणी शिकवत नाही. फोन फाइलींच्या जागा लपवून ठेवतो, ॲप उघडलं की सगळं समोर येतं, म्हणून वस्तू कुठे ठेवली आहे हा प्रश्नच मनात उठत नाही. ज्या दिवशी ॲप बंद पडतं, त्या दिवशी मात्र हाच एक प्रश्न उरतो.

दुसरं उदाहरण सीडीवरच्या खेळांचं. अशा खेळाच्या प्रतीत बहुधा दोन फाइली असतात. एक मोठी, शेकडो मेगाबाइटची; तिचं शेपूट ‘बिन’. दुसरी अगदी लहान, शेपूट ‘क्यू’. एम्युलेटरला लहान फाइल दाखवायची असते, पण नवखा माणूस हटकून मोठी दाखवतो, कारण माल तिच्यात आहे. मग खेळ सुरू होत नाही, किंवा होतो आणि संगीत गायब असतं. लहान फाइल दाखवली तरी पुष्कळदा एरर येतोच. अशा वेळी ती नोटपॅडमध्ये उघडावी. ती साधी मजकुराची फाइल असते. पहिल्याच ओळीत मोठ्या फाइलचं नाव लिहिलेलं असतं आणि खाली कुठला ट्रॅक कुठल्या क्षणी सुरू होतो याची नोंद असते. आपण आवराआवर करताना मोठ्या फाइलचं नाव बदललं होतं. आतल्या नोंदीत जुनंच राहिलं. नोंदीतलं नाव दुरुस्त करून सेव्ह केलं की खेळ उघडतो. विंडोज ओळखीच्या फाइलींची शेपटं मुळातच लपवून ठेवतं. त्यामुळे सेव्ह करताना नावामागे आणखी एक ‘टीएक्सटी’ चिकटलं तरी डोळ्यांना दिसत नाही. शेपटं दाखवण्याची सेटिंग चालू करणं हा या वेडातला पहिला धडा म्हणायला हवा. लिनक्सवर तर लहान-मोठ्या रोमन अक्षरांचाही भेद असतो. नोंदीत मोठ्या अक्षरांतलं नाव आणि डिस्कवर लहान अक्षरांतलं, एवढ्यावरून फाइल सापडत नाही.

प्लेस्टेशनच्या बऱ्याच एम्युलेटरना खेळाखेरीज यंत्राची स्वतःची बायोस फाइल लागते. ५१२ किलोबाइटची ही फाइल ठरलेल्या फोल्डरात, ठरलेल्या नावानेच असावी लागते. अमेरिका, जपान आणि युरोपसाठी ती निरनिराळी असते. नावातला एक आकडा चुकला तर पडदा काळाच राहतो. ही बायोस कंपनीच्या मालकीची आहे, म्हणून ती स्वतःच्या यंत्रातूनच काढून घ्यावी, इथे तिथे मिळते म्हणून उचलू नये. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून बॅक-अप करायची मुभा दिली आहे. जतन करणाऱ्याचे हात स्वच्छ असले पाहिजेत, असं मला वाटतं.

काही वेळा फाइल योग्य नावाने, योग्य जागी ठेवलेली असते, तरीही ती तिथे नसते. हा प्रकार सगळ्यांत छळणारा. जुना एम्युलेटर प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरात टाकला आणि त्यात खेळ सेव्ह केला, की सेव्ह झाल्याचं तो सांगतो. फोल्डर उघडून पाहावं तर फाइल नाही. २००७ सालच्या व्हिस्टापासून विंडोज अशा जुन्या प्रोग्रॅमांना त्या फोल्डरात लिहू देत नाही. ते लिखाण गुपचूप वापरणाऱ्याच्या खात्यातल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वळवतं आणि प्रोग्रॅमला काहीच कळू देत नाही. फोनवर अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, एका ॲपच्या खासगी फोल्डरात दुसऱ्या ॲपला डोकावता येत नाही. म्हणून एम्युलेटरने तिथे ठेवलेली सेव्ह फाइल फोनमध्ये असूनही साध्या फाइल मॅनेजरला सापडत नाही, आणि एम्युलेटर काढून टाकला की तीही जाते. हे नियम सुरक्षेसाठी आहेत आणि ते असायलाच हवेत. पण ते माहीत नसतील तर माणूस स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवू लागतो. वेडा माणूस तसं करत नाही. यंत्राने फाइल कुठेतरी लिहिली आहे, ती हवेत विरली नाही, यावर त्याची श्रद्धा असते. त्या श्रद्धेपायी तो शोधत राहतो आणि बहुधा फाइल मिळवतो.

मेमची गोष्ट जरा निराळी, आणि मला तिचं फार अप्रूप आहे. नाण्याच्या यंत्रातला खेळ सर्किट बोर्डावर बसवलेल्या चिपांमध्ये असे. मेमसाठी प्रत्येक चिपमधला मजकूर वाचून त्याची वेगळी फाइल करतात आणि खेळाच्या सगळ्या फाइली एका झिपमध्ये बांधतात. ती झिप उघडायची नसते आणि तिचं नावही बदलायचं नसतं, कारण त्याच नावाने मेम तिला ओळखतो. १९८० च्या पॅकमॅनचा मुख्य प्रोग्रॅम चार फाइलींत आहे. त्यांची नावं पॅकमॅन, त्यापुढे टिंब आणि मग सहा-ई, सहा-एफ, सहा-एच, सहा-जे अशी संपतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही शेपटं निरर्थक वाटतात. पण त्यांचा अर्थ आहे: बोर्डावर ती चिप कुठल्या आडव्या-उभ्या रांगेत बसली होती, तो पत्ता. म्हणजे फाइलच्या नावात तिच्या जन्माच्या जागेची नोंद आहे. पुढे कधी एखादा बोर्ड बंद पडला, तर कुठली चिप कुठे बसवायची ते या नावावरून कळतं.

मेम एवढ्यावर थांबत नाही. प्रत्येक फाइल मूळ चिपेशी तंतोतंत जुळते का, हे तो एका गणिती बेरजेने पडताळतो. एक बिट इकडचा तिकडे झाला असेल तरी बेरीज जुळत नाही आणि तो तसं सांगतो. एखादी फाइल मुळात नसेल तर तिचं नाव घेऊन सांगतो. कुणाकडेच चांगली प्रत उपलब्ध नसेल तर तेही सांगतो. आजही पॅकमॅनच्या फाइली पूर्ण असूनही तो उघडला नाही, तर बहुधा कारण हे असतं की मेमच्या यादीत पॅकमॅन ही पकमॅन या मूळ जपानी खेळाची उपप्रत आहे, आणि दोघांत सारख्या असलेल्या फाइली मूळच्या झिपमध्ये ठेवलेल्या असतात. शेजारी पकमॅनची झिप ठेवली की खेळ सुरू होतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरली, कुठला पाठ मूळचा, कुठला नंतर शिरला, हे ठरवण्यात विद्वानांच्या हयाती गेल्या. चिपांचे मजकूर ताडणारे लोक त्याच कुळातले आहेत. मेमच्या कर्त्यांनी हेतू स्पष्ट लिहून ठेवला आहे: सॉफ्टवेअरचा इतिहास जतन करणं आणि जुनी यंत्रं कशी चालत याची नोंद करणं हे मुख्य काम, खेळ खेळता येतो, त्यावरून ती नोंद बरोबर आहे हे सिद्ध होतं.

आता शहाण्या माणसाच्या प्रश्नाकडे येऊ. खेळ ठीक आहेत, पण याने जगाचं काय अडलं आहे?

बरंच अडलं आहे. इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ मध्ये आपल्या राज्यातल्या जमिनींची मोजदाद करून घेतली. ते डूम्सडे बुक आजही वाचता येतं. त्याच्या नऊशे वर्षांनिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने नवं डूम्सडे काढलं. देशभरच्या शाळकरी मुलांनी आपापल्या गावची माहिती लिहिली, फोटो काढले आणि ते सगळं लेझर डिस्कवर साठवलं. ती डिस्क वाचायला खास प्लेअर आणि बीबीसी मास्टर संगणक लागे. पंधरा-सोळा वर्षांत दोन्ही दुर्मीळ झाले. नऊशे वर्षांपूर्वीचं कातडी पान वाचता येत होतं आणि कालपरवाची डिस्क वाचता येत नव्हती. लीड्स आणि मिशिगन या दोन विद्यापीठांच्या कॅमिलिऑन प्रकल्पाने तिच्यासाठी एम्युलेटर बांधला आणि २००२ मध्ये तो चालवून दाखवला. २०११ मध्ये बीबीसीने त्यातला गावोगावचा मजकूर वेबवर खुला केला. हे काम करणारे लोक त्या दोन संध्याकाळी घालवणाऱ्या वेड्यांसारखेच फाइली, पत्ते आणि एरर यांत बुडालेले होते.

बीबीसीच्या त्या संगणकाचा आपल्याशीही संबंध आहे. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये क्लास ही योजना सुरू केली आणि शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले. आज पन्नाशीत असलेल्या काहींनी आयुष्यातली पहिली कळ त्यावर दाबली. तो संगणक आज ब्राउझरमध्ये चालतो. त्यात डिस्कची प्रत घातली आणि काहीच झालं नाही, तर घाबरू नये. त्या यंत्राची रीत अशी की शिफ्ट दाबून ठेवायची आणि ब्रेक दाबून सोडायची, मग डिस्क सुरू होते. आजच्या कीबोर्डवर ब्रेकचं काम बहुधा एफ-१२ करते, आणि लॅपटॉपवर त्यासोबत एफएन दाबावी लागते. फाइलचं नाव तिथे सात अक्षरांपलीकडे जात नाही. त्याहून लांब नाव देऊन शोधलं तर ती मिळणार नाही. एवढं माहीत असेल तर चाळीस वर्षांपूर्वीचा वर्ग उघडतो, आणि माहीत नसेल तर कोरा पडदा.

मराठीच्या वाट्याला आलेली गोष्ट याहून गंभीर आहे. युनिकोड सगळीकडे पोचण्याआधीच्या काळात मराठी मजकूर निरनिराळ्या पद्धतींनी साठवला गेला. सी-डॅकने पुण्यातून प्रसार केलेलं जिस्ट कार्ड डॉसच्या संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसे, आणि मजकूर इस्की या आठ बिटांच्या सांकेतिक पद्धतीत साठे. पुढे छापखान्यांत आणि वृत्तपत्रांत डीटीपीची पॅकेजं आली. त्यांच्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असत. प्रत्येक पॅकेजची जुळणी निराळी. काहींना तर संगणकाच्या मागे हार्डवेअर लॉक लावल्याशिवाय चालताच येत नसे. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड नीट आलं ते २००० साली. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत टाइप झालेलं किती मराठी आज फ्लॉपींवर आणि सीडींवर झोपलेलं असेल! दिवाळी अंकांची पानं, ग्रामपंचायतींचे ठराव, प्रबंध, संस्थांच्या स्मरणिका, कुणाच्या आत्मचरित्राचा खर्डा. ती फाइल आज वर्डमध्ये उघडली तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिड ढीग दिसतो. शहाणा माणूस तो पाहून म्हणतो, फाइल खराब झाली, आणि डिलीट करतो.

फाइल खराब झालेली नसते. तिचा फॉन्ट शेजारी नसतो, एवढंच. फाइल, फॉन्ट आणि पॅकेज असे तिन्ही असले तर तो मजकूर वाचता येतो, आणि आपण तिघांतली एकच वस्तू जपली. अशा वेळी ८६बॉक्ससारखा एम्युलेटर घेऊन त्यात अख्खा जुना पीसी उभा करता येतो. त्यातही पहिला अडथळा जागेचाच. त्याच्या रॉम फाइली ठरलेल्या फोल्डरात नसतील तर तो सुरूच होत नाही. त्या जागेवर ठेवल्या, आत विंडोज ९८ बसवलं, पॅकेज बसवलं, फॉन्ट फॉन्ट्सच्या फोल्डरात टाकला, फाइल उघडली, की गिचमिडीच्या जागी सरळ मराठी उमटतं. तिथून ते युनिकोडमध्ये आणता येतं. ज्याने प्रिन्ससाठी दोन संध्याकाळी घालवल्या, त्याला हे जमतं, कारण त्याचा हात या कामाला बसलेला असतो. खेळापायी केलेल्या सरावाचं मोल हे.

प्रिन्सचीच गोष्ट पुढे सांगतो. जॉर्डन मेकनर याने तो खेळ ॲपल दोनवर लिहिला आणि १९८९ मध्ये तो बाजारात आला. त्याचा मूळ सोर्स कोड पुढे मेकनरलाच सापडेना. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना, म्हणजे ज्यांनी त्या खेळाचं संगीत रचलं त्यांना, घरातल्या खोक्यात साडेतीन इंची फ्लॉपी मिळाल्या. जुन्या यंत्रांचे दोन जाणकार मदतीला आले, फ्लॉपी वाचल्या गेल्या आणि तो कोड सगळ्यांसाठी खुला झाला. खोक्यात फ्लॉपी जपणारे वडील, दोन दशकांहून जुनी डिस्क वाचू पाहणारे ते जाणकार आणि स्वतःचं जुनं काम पुन्हा पाहू इच्छिणारा कर्ता, असे चौघेही व्यवहाराच्या हिशेबात वेडेच. चौघांतला एक जरी शहाणा निघाला असता तर तो कोड आज नसता.

या वेडाने माणसाच्या स्वभावातही फरक पडतो, आणि तोही चांगल्याच दिशेने. एरर आला की खिडकी बंद करायची सवय जाते. तो शेवटपर्यंत वाचायची, त्यात कुठल्या फाइलचं नाव आणि कुठला पत्ता आहे ते पाहायची सवय लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मगच पुन्हा पाहावं, ही शिस्त अंगी येते. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने चाललं ते कळत नाही. मूळ प्रतीला हात न लावता नकलेवर प्रयोग करावेत, हेही कळतं. प्रयोगशाळेत, दवाखान्यात, न्यायालयात ज्या गुणांची अपेक्षा असते, तेच हे गुण. ते इथे खेळता खेळता मिळतात. एखाद्या मुलाला हे वेड लागलं तर पालकांनी समाधान मानावं.

म्हणून वाचकांना विनंती आहे. घरातल्या, संस्थेतल्या, छापखान्यातल्या जुन्या फ्लॉपी आणि सीडी या महिन्यात बाहेर काढा. वाचता येतील तेवढ्यांची पूर्ण प्रत करा. आतल्या फाइलींची नावं बदलू नका, फोल्डरांची रचना मोडू नका. जो फॉन्ट, जे पॅकेज, जे खेळाचे बाकीचे तुकडे शेजारी असतील तेही सोबत उचला, कामाचे वाटोत वा न वाटोत. त्यांच्यासोबत साध्या मजकुराची एक फाइल ठेवा आणि तीत युनिकोड मराठीत लिहा: हे काय आहे, मूळ कुठल्या फोल्डरात होतं, कुठल्या यंत्रावर आणि कशात उघडत असे. दोन वेगळ्या ठिकाणी दोन प्रती ठेवा. उघडलं नाही तर टाकून देऊ नका. ओळखीत असा एखादा वेडा असेलच, त्याच्याकडे द्या. आणि ओळखीत कुणीच नसेल, तर ते वेड स्वतः लावून घ्या. ते लावून घेण्यासारखं आहे.